डोन्या मेल्बाच्या दारातल्या खुर्च्या

आमच्या मासातेपे गावात डुलत्या खुर्च्या बनतात. एवेनोर मालकांच्या कारखान्यात मी ऑर्डरी घेते. पूर्वी खुर्चीला गुंडाळलेल्या पुठ्ठ्यावर मी जाड पेनाने पत्ता लिहायची, 'जुनं सिनेमागृह होतं तिथून दोन चौक तलावाकडे', आणि आमचा ड्रायव्हर दागोबेर्तो खुर्ची बरोबर पोचवायचा. राजधानी मानाग्वातले पत्ते असेच. ते सिनेमागृह भूकंपात पडलं, पण पत्त्यात अजून उभं आहे.

मग मालकांनी माल पाठवायचं सॉफ्टवेअर घेतलं. एका सोमवारी ते आपलं आपणच अपडेट झालं आणि घराचा नंबर मागत बसलं. नंबर नाही, तर लेबल नाही. मी ते सांभाळणाऱ्या नॉर्विनला फोन लावला.

"ताई, रकाना रिकामा ठेवू नका."

"मग काय भरू?"

"नंबर."

"अरे, घरांना नंबरच नाहीत!"

मालकांनी फोन हिसकावला. "घराला नंबर असता, तर पडलेलं सिनेमागृह कशाला सांगितलं असतं रे?"

"सर, सिस्टीमला सिनेमागृह कळत नाही."

"मग तिला म्हणावं, ट्रकमध्ये बस, दाखवतो!"

शेवटी नॉर्विनने लांबूनच काहीतरी खुडबूड केली. म्हणाला, "आता जवळचा योग्य पत्ता ती स्वतःच शोधेल." लेबलं धडाधड बाहेर पडली. आम्ही इतके खूश झालो, की ती वाचायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी मानाग्वातल्या एका गिऱ्हाइकाचा, डोन्या मेल्बाचा फोन. "यहोस्का, मी एक खुर्ची मागवली होती ना गं? मला माझ्या घरात शिरता येईना!"

झालं होतं असं, की आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांत नंबर फक्त हिच्या दारावर होता. तोही घराचा नव्हे. लॉटरीत लागलेला आकडा तिने हौसेने रंगवून घेतला होता आणि पत्त्यातही दिला होता. सिस्टीमला तेवढंच एक घर पसंत पडलं आणि सगळ्या लेबलांवर तोच पत्ता छापला गेला.

"अरे, तुझ्या डोक्यात काही शंका आली नाही?" मालकांनी दागोबेर्तोला विचारलं.

"आली की. पण तुम्हीच म्हणालात, डोकं चालवू नकोस, लेबल वाच."

आम्ही तिथे पोचलो, तर फुटपाथभर खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीत एकेक शेजारी डुलतोय. डोन्या मेल्बा सगळ्यांना मका-कोकोचं थंडगार पिनोलियो वाटत होती. एक म्हातारबुवा तर चक्क घोरत होते.

"उठा, आजोबा, ही विकलेली खुर्ची आहे," मालक म्हणाले.

"मग मलाही धरून विका," ते डोळे न उघडता म्हणाले.

मी एकेका गिऱ्हाइकाला फोन करून तिथेच बोलावलं. पत्ता सांगितला, "रस्त्यात माणसं डुलताना दिसतील, तिथे." एकही चुकला नाही. आजोबांच्या खुर्चीची मालकीण आली, त्यांच्याकडे बघून हसली आणि ते उठेपर्यंत पिनोलियो पीत बसली.

संध्याकाळी नॉर्विन लॅपटॉप घेऊन कारखान्यात आला. तिथल्या एका खुर्चीत बसला, दोनदा डुलला आणि म्हणाला, "सर, ही मला हवी. घरी पाठवाल?"

"पाठवतो की," मालक गोड आवाजात म्हणाले. "फॉर्म तेवढा तूच भर."

त्याने भरला. लेबलावर डोन्या मेल्बाचा पत्ता आला. पुन्हा भरला. लॅपटॉप बंद करून चालू केला. कपाळावरचा घाम पुसला. मग खुर्ची डोक्यावर घेतली आणि बसथांब्याकडे चालू लागला.