हान्नाचं कौतुक

मालिनीनं हान्नाचं तिच्या आईजवळ तोंड भरून कौतुक केलं, एवढंच तिचं चुकलं. आता तुम्हीच सांगा, शेजारच्या पोरीबद्दल चार चांगले शब्द बोलणं हा काय गुन्हा झाला? आपल्याकडे "तुमची मुलगी किती वाचते हो!" असं म्हटलं तर आई दोन दिवस हवेत असते. इथं समोरची बाई पांढरीफटक पडेल, हे मालिनीच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

मालिनी आणि गुरुनाथ नेदरलँड्समधल्या आल्मेरे शहरातलं भाड्याचं घर सोडून या गावात आले ते बागेच्या हौसेपायी. गुरुनाथचं ऑफिस उट्रेख्तला, मालिनीचं सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम बरंचसं घरूनच. गाव देखणं, माणसं अदबशीर. रविवारी मात्र रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. काळे कोट आणि हॅट घातलेली कुटुंबं तेवढी सकाळ-संध्याकाळ चर्चला चालत जायची. रविवार देवाचा, म्हणून सायकललाही त्या दिवशी कुणी हात लावत नसे. पहिल्याच रविवारी गुरुनाथनं मोठ्या उत्साहानं गवत कापायचं मशीन सुरू केलं, तर पलीकडच्या खिडकीतला पडदा असा काही हलला की बिचाऱ्यानं मशीन मुकाट आत नेऊन ठेवलं.

पलीकडचं घर आल्ट्येचं. ती स्वतः केलेला सफरचंदाचा केक घेऊन भेटायला आली होती. दारातच तिनं विचारलं, "तुमच्याकडे टीव्ही आहे?"

"नाही," मालिनी म्हणाली, आणि जरा ताठ्यातच म्हणाली. सहा वर्षांच्या अश्लेषासाठी त्यांनी मुद्दामच टीव्ही घेतला नव्हता.

आल्ट्येचा चेहरा खुलला. टीव्ही नाही म्हणजे घर चांगलं, असा तिचा हिशेब. ती दारातूनच परत गेली. बैठकीतलं भिंतभर पुस्तकांचं कपाट तिनं पाहिलंच नाही. बुधवारी इथल्या शाळा दुपारीच सुटतात, आणि मालिनीच्या मीटिंगा काही सुटत नाहीत. तेव्हा अश्लेषाला सांभाळायला आल्ट्येनं आपणहून आपली सतरा वर्षांची हान्ना पाठवायला सुरुवात केली.

हान्ना म्हणजे लांब स्कर्ट, घट्ट वेणी, अगदी नाकासमोर चालणारी पोर. अश्लेषा तिच्यावर फिदा. मालिनी मराठीत हाका मारून दमायची आणि कार्टी डचमधून उत्तर द्यायची, "हान्नाला विचारते!" अश्लेषा चित्रं काढत बसली की हान्ना कपाटासमोर जाऊन उभी राहायची. पहिल्या बुधवारी नुसतीच पाहत राहिली. दुसऱ्या बुधवारी तिनं विचारलं, "हात लावू?"

"अगं, विचारतेस काय? वाच की!"

आणि मग ती पोर जी वाचत सुटली म्हणता! समुद्रातले प्राणी, तारे, कथा-कादंबऱ्या, माणसाच्या उत्क्रांतीवरचं एक जाडजूड पुस्तक, काही म्हणून सोडलं नाही. घरी ने म्हटलं तर मात्र मान हलवायची, आणि जाताना पुस्तक जिथलं तिथं ठेवून जायची. मालिनीला वाटायचं, काय टापटीप आहे! अहो, कसली टापटीप! बिचारीची न्यायची सोयच नव्हती. तिच्या घरी पुस्तकं यायची ती चर्चवाल्यांच्या दुकानातून. शाळेच्या पुस्तकातलं एखादं पान वडिलांना पटलं नाही तर ते शेजारच्या पानाला चिकटवून टाकलेलं असायचं. इंटरनेटला फिल्टर होता, आणि घरात कुणी काय उघडलं याचा अहवाल दर शनिवारी वडिलांच्या मेलवर यायचा. हान्नाचा फोन जुना, बटणांचा. हे सगळं मालिनीला फार उशिरा कळलं. हान्ना अधूनमधून लॅपटॉप मागायची, मालिनी द्यायची. शाळेचं काम असेल, यापलीकडे तिनं डोकं चालवलं नाही.

त्या दिवशी दोघी आपापल्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मधल्या कुंपणावरून मालिनी म्हणाली, "तुमच्या हान्नाचं खरंच कौतुक वाटतं हं मला. किती वाचते! आमचं अर्धं कपाट तिनं संपवलंय. युनिव्हर्सिटीत घाला तिला, नाव काढेल."

आल्ट्येच्या हातात ओला शर्ट तसाच राहिला. "कुठलं कपाट?" तिनं विचारलं.

 काहीतरी बिघडलं हे मालिनीला कळलं, काय ते कळेना. तिनं सारवासारव केली, अशीच मुलांची पुस्तकं, प्राण्यांची वगैरे. पण बूंद से गयी ती गयीच. आल्ट्ये कपड्यांची बादली तिथंच टाकून आत गेली.

पुढच्या बुधवारी हान्ना आली ती मालिनीनं दिलेली घराची किल्ली परत द्यायला. फाटकापाशी तिचे वडील उभे होते. चर्चमधल्या मंडळींवर देखरेख ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांपैकी ते एक. त्यांनी मालिनीला हॅट काढून नमस्कार केला आणि तिथंच थांबले. अश्लेषा धावत येऊन हान्नाच्या कमरेला बिलगली.

"मी यापुढे येणार नाही," हान्ना मोठ्यानं म्हणाली, फाटकापर्यंत ऐकू जाईल अशी. मग अश्लेषाच्या बुटाची नाडी बांधायला वाकली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "लॅपटॉपचं सांगू नका. मी त्यावर डिर्कशी बोलायचे. माझा भाऊ. तो चर्च सोडून गेला, हेगच्या बाजूला फोरबर्गला राहतो. आमच्या घरात त्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. त्याला मुलगी झालीय. घरात फक्त मला माहितीये."

"अगं, आत्या झालीस की!" मालिनीच्या तोंडून मराठीतच निघून गेलं. आपल्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. इथं आत्या बुटाच्या नाडीशी वाकून बोलत होती. 

"माझं चुकलं गं," मालिनी म्हणाली. "मला माहीत नव्हतं."

"तुम्ही चांगलंच बोललात," हान्ना म्हणाली. "पण डिर्कचं तेवढं सांगू नका. ते कळलं तर सगळंच संपेल. मला लांब झेलंडला मावशीकडे पाठवतील." ती उठली आणि वडिलांमागून निघून गेली.

मालिनीला अन्न गोड लागेना. जिथं तिथं हीच चिडचिड. "हा काय काळ आहे का पुस्तकांवर पहारे बसवायचा?" ती गुरुनाथवर डाफरली, जणू पहारे त्यानंच बसवले होते.

"आपणही अश्लेषाच्या टॅबला लॉक लावलंयच की," गुरुनाथ म्हणाला.

"ते वेगळं!"

"वेगळंच आहे," तो समजुतीनं म्हणाला. "पण त्यांनाही त्यांचं वेगळंच वाटत असणार. तू आता मधे पडू नकोस, मालू. पोरीनं सांगितलंय ना गप्प राहा, मग गप्प राहा."

मालिनीनं मनाशी गाठ मारली. जीभ एकदा सैल सुटली, आता नाही.

आणि मग एका सकाळी, अश्लेषा शाळेत आणि गुरुनाथ ऑफिसला गेल्यावर, आल्ट्ये दारात उभी. या वेळी ती आत आली. कपाटासमोर थांबली, पण एकाही पुस्तकाला तिनं हात लावला नाही. मग खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"हान्ना तुमचा कॉम्प्युटर वापरायची?"

"शाळेच्या कामाला," मालिनी म्हणाली.

"ती डिर्कशी बोलायची."

मालिनी टेबलावरची अश्लेषाची चित्रं आवरायला लागली.

"तिनं सांगितलेलं नाही," आल्ट्ये म्हणाली. "पण बुधवारी घरी यायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा. डिर्क घरात होता तेव्हा असायचा तसा. मला वाटायचं, तुमच्या मुलीमुळे असेल." तिनं कपाटाकडे पाहिलं. "त्याचंही असंच सुरू झालं होतं. आधी पुस्तकं. मग प्रश्न. मग एका रविवारी तो चर्चला जायला खोलीतून खालीच आला नाही. तुम्हाला वाटत असेल, आम्ही दुष्ट आहोत. तो या जन्मात माझ्यापासून तुटला, ते मी सोसलं असतं. पण आमचा विश्वास आहे की मेल्यावर स्वर्गातसुद्धा तो मला भेटणार नाही. कधीच नाही. आणि आता हान्ना." 

मालिनीजवळ खूप राग साठलेला होता, तो कुठल्या कुठे गेला. तिनं पाण्याचा ग्लास पुढं केला. आल्ट्येनं तो घेतला नाही. तिनं फक्त विचारलं, "तो बरा आहे का?"

"मला नाही माहीत हो. खरंच."

"तुमच्या फोनमध्ये दिसेल?"

आता काय करावं माणसानं? नाही म्हणावं तर समोर आई बसलेली. हो म्हणावं तर हान्नानं गप्प राहायला सांगितलेलं. मालिनीचा हात घुटमळला. पण आल्ट्ये दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून फोनकडे बघत होती. मालिनीनं डिर्कचं नाव आडनावासकट टाकून इंटरनेटवर शोधलं. लगेच सापडला. दाढी वाढवलेला, हसरा, आणि कडेवर बाळ.

आल्ट्येनं फोन हातात घेतला. बराच वेळ ती लेकाकडेच बघत होती. बाळ तिला मागाहून दिसलं. फोटोशेजारी बाळ झाल्याचं कार्ड होतं, इथं सगळेच पाठवतात तसलं. त्यावरचं नाव तिनं वाचलं आणि तोंडावर हात दाबला. या गावांतून पहिल्या मुलीला आजीचं नाव ठेवायची रीत आहे. डिर्कनं चर्च सोडलं, गाव सोडलं, रीत सोडली नव्हती. शहरात आता कुणी ठेवत नाही असलं जुनाट नाव त्यानं लेकीला ठेवलं होतं. आल्ट्ये.

"मी सोडतो म्हटलं होतं त्यानं," ती म्हणाली. "सगळं सोडतो म्हणाला होता." आणि ती रडली. आवाज न करता, खांदे आवळून.

मालिनी तिच्याजवळ बसली. "कधीही येत जा," ती म्हणाली. "सकाळी मी एकटीच असते. बघत जा. कुणाला कळायचं कारण नाही."

आल्ट्येनं डोळे पुसले आणि मान हलवली. "मला संध्याकाळी नवऱ्याला सांगावं लागेल. आमच्यात लपवाछपवी नाही. तशी शपथ घेतलीय मी."

"नका सांगू हो!" मालिनीनं तिचा हातच धरला. "तुम्ही सांगितलंत तर हान्नाचं काय होईल? ती झेलंडला जाईल. भावाशी एक शब्द बोलता यायचा नाही तिला. तुम्हालाही पुन्हा हे दिसायचं नाही."

"माहीत आहे," आल्ट्ये म्हणाली. "तरी सांगावंच लागेल."

तिच्या आवाजात राग नव्हता की हट्ट नव्हता.  देवावर कुणाचा विश्वास असावा, पण इतका? आपल्याच लेकरांच्या मुळावर येणारा? ओठांवर आलेलं मालिनीनं गिळलं.

आल्ट्ये उठायला गेली, आणि उठली नाही.

"संध्याकाळ व्हायची आहे अजून," ती म्हणाली. "तोवर एकदा पुन्हा दाखवता?"

मालिनीनं फोन तिच्या हातात दिला. आणि स्क्रीन विझू नये म्हणून मधूनमधून कडेला बोट लावत ती तिच्याजवळ बसून राहिली.