हाराची पाठ

"अत्तै, तुम्ही बघू नका म्हटलं होतं ना!" कयल सासूपासून पेटी पदराआड लपवायला गेली. पण काचेची ती पेटी हातभर लांब, पदरात कशी मावणार?

पूवायीने बघायचे ते बघितलेच. आतला मोगरा पांढराशुभ्र होता. लग्नातले हार वाळवून पेटीत बसवून द्यायचे, हाच तिचा धंदा; तीन आठवडे कावेरीच्या चाळलेल्या वाळूत निजलेला मोगरा पांढरा उठत नाही.

"कापडी आहे," सून खाली बघत म्हणाली. "गुलाब तेच आहेत, दवणाही तोच. मोगऱ्याचा सर तेवढा बदलला. सगळेच बदलतात, अत्तै. तपकिरी फुलं बघितली की नवरी रडते, आणि तिची सासू म्हणते, वाळका हार मेलेल्यांच्या फोटोला घालतात."

"आणि वरदण्णांना काय सांगणार होतीस?"

"त्यांना हल्ली कुठं एवढं दिसतंय!"

पूवायीने पेटी आपल्याकडे ओढली. ती श्रीरंगमला नवी नवरी होऊन आली, तेव्हा वरदण्णांनीच तिला हार गुंफायला शिकवले होते. केळीच्या सोपटाचा ओला धागा बोटावर घ्यायचा आणि गुणगुणायचे:

दोन कळ्या उजवीला, दोन कळ्या डावीला
गाठ अशी मार बाई, जाग न ये कळीला

गाठ सैल पडली की बोटावर काडी बसायची. गेल्या वर्षी अण्णांचेच हात कापू लागले. तरी गेल्या महिन्यात कोदैच्या लग्नात ते हटून बसले. "माझ्या लेकीच्या गळ्यात दुसऱ्याच्या हातचा हार? मग हे हात कशाला दिलेत देवानं?" एक हार गुंफायला त्यांना दोन दिवस आणि एक रात्र लागली. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी धागा भिजवायचे आपले पितळी घंगाळ पूवायीच्या उंबऱ्यावर आणून ठेवले. "आता तुझ्याकडं असू दे," एवढेच म्हणाले.

तो त्यांचा शेवटचा हार. कोदै तो उद्या मस्कतला नेणार होती. आता तासाभरात बापलेक दोघे येणार होते.

"खरा सर कुठं आहे?"

"टाकवला नाही," कयल म्हणाली, आणि तिने कपाटातून बिस्किटांचा डबा काढला.

पूवायीने कापडी फुले उचलून बाजूला ठेवली आणि डब्यातला सर जागेवर निजवला. चहाच्या रंगाच्या कळ्या, गुलाबांमध्ये मान खाली घालून बसल्यासारख्या. तिने हाराची कड हलकेच उचलून पाठीवरच्या गाठी बघितल्या. मग म्हणाली, "दोन पुठ्ठे आण. हार उलटा करायचाय."

"मोडेल हो!"

"मोडला तर माझ्या हातून मोडेल. धर. श्वास सोडू नकोस."

एक पाकळी गळली. बाकीचा हार पालथा झाला. पाठीवर गाठी वर आल्या, एकीला एक लागून, मुंग्यांच्या रांगेसारख्या.

कोदै आली ती हसतच, अण्णांचा हात धरून. पेटीत डोकावली आणि तिचे हसू ओसरले. "अप्पा, पूवायीअत्तैनं हार उलटाच बसवलाय! फुलं दिसतायत कुठं?"

"काच काढ," अण्णा पूवायीला म्हणाले.

ते नाक टेकेल इतके वाकले. थरथरते बोट हाराला न लावता त्याच्यावरून फिरत गेले. इकडच्या टोकाच्या गाठी सरळ होत्या. पुढे पुढे त्या वाकड्या होत गेल्या, जशी दमलेल्या माणसाची पावले. मधेच बोट थांबले.

"ही सैल आहे."

"आहे."

"तुला दिसली होती?"

"तुमचीच शिष्या आहे ना मी, अण्णा!"

"मग घट्ट का नाही केलीस? आळशी कुठली."

"केली असती. मग ती माझी गाठ झाली असती."

अण्णांनी डोळे टिपले नाहीत, फक्त नाक ओढले. "काडी आण गं कयल," ते म्हणाले, "हिच्या बोटावर मारायचीय." आणि स्वतःच हसले.

मग लेकीकडे वळून म्हणाले, "हार उलटा नाही, पोरी. मांडवात लोकांनी बघितली ती दुसरी बाजू. ही तुझ्या अंगाला होती."

पूवायीने काच पुन्हा बसवली. कोदैने पेटी उचलली, उराशी धरली, आणि निघता निघता हळूच फिरवून घेतली, गाठींची बाजू आपल्या अंगाकडे.

जिन्यावर ती एकेक पायरी थांबत उतरली. तिच्या खांद्यावर बापाचा हात होता, कापत होता.