रेठरेकरांच्या पोटावरची सातवी स्लाइड

सोमवारी सकाळी साडेअकराला भालचंद्र रेठरेकर प्रोजेक्टरच्या उजेडातून आडवे गेले आणि सातवी स्लाइड त्यांच्या पोटावर राहिली. ते बाजूला झाले तरी पडदा कोराच. पांढऱ्या शर्टावर मात्र छातीभर शीर्षक होतं, 'दुरुस्ती विभाग : नऊ महिन्यांची वाटचाल', आणि त्याखाली लाल रेघेचा आलेख. एप्रिल उजव्या बगलेपाशी सुरू होत होता, ऑक्टोबर बेंबीत गेला होता आणि डिसेंबर डाव्या कमरेवर पट्ट्याला टेकला होता.

“बसा, रेठरेकर. पुढची घ्या,” धाकटे ठोसर साहेब म्हणाले. सरावाचा दिवस होता, म्हणून कुणी फार मनावर घेतलं नाही.

दोष द्यायचा तर भिंतीला द्यावा लागेल. ठोसर वजनकाटे ही सांगलीतली जुनी कंपनी. तिच्या मीटिंग हॉलला धड भिंत एकच, आणि तिच्यावर थोरल्या साहेबांचा फोटो, चंदनाच्या हारासकट. तो हलवायची कुणाची टाप नाही. म्हणून पडदा शेजारच्या भिंतीवर टांगलेला, आणि फोटोपाशी जायचं तर उजेडातून आडवं जाणं आलं. जाणं तर चुकत नाही, कारण फोटोला उदबत्ती लावल्याशिवाय ठोसरांकडे कुठलंच प्रेझेंटेशन सुरू होत नाही. मान विभागप्रमुखाचा. विभागप्रमुख रेठरेकर, आणि त्यांना उदबत्तीच्या धुराची शिंक येते. एकतीस वर्षं ते श्वास रोखून उदबत्ती लावायचे आणि वाकून, घाईघाईने परत यायचे. त्या दिवशी सातव्या स्लाइडला उदबत्ती विझली म्हणून ती पुन्हा लावावी लागली, आणि परत येताना गुडघा दुखत होता, म्हणून वाकले नाहीत. बरोबर उजेडाच्या मधोमध शिंक आली. एवढंच झालं.

फाइल उघडून पाहिली तर सातव्या जागी पांढरं पान. छापून पाहिलं तर कागद पांढरा. पेनड्राइव्हवरची प्रतही पांढरी. म्हणजे सातवी स्लाइड आता जगात एकाच ठिकाणी होती.

“मग गुरुवारी तुम्हीच उभे राहा सातव्या जागी,” साहेब म्हणाले. “पण तोवर जरा बेताने जेवा. ऑक्टोबर वाचता येत नाहीये.”

गुरुवारी पुण्याहून दोन संचालक येणार होते. दहा स्लाइड, दहा मिनिटं, आणि ती बघून ते ठरवणार होते की दुरुस्ती विभाग ठेवायचा की बंद करायचा. हल्ली लोक काटा बिघडला की दुरुस्त करत नाहीत, नवा घेतात. आलेख काही खोटं बोलत नव्हता. पण विभागात अकरा माणसं होती आणि त्यातल्या नऊजणांना दुसरं काहीही येत नव्हतं. त्यांनी आयुष्यभर फक्त काटा शून्यावर आणला होता.

घरी कुमुदताईंनी आधी शर्ट भिजत घातला. तर आलेख बनियनवर. बनियन काढला तर अंगावर. अंगावर टॉवेल घेतला तर टॉवेलवर. डाळीचं पीठ झालं, लिंबू झालं, खोबरेल झालं. शेवटी त्या चष्मा लावून पाटावर बसल्या आणि त्यांनी नवऱ्याला नीट वाचून काढलं.

“अहो, ऑक्टोबर कुठाय?”

“बेंबीत.”

“आणि ही रेघ सगळी खालीच का चाललीय?”

“कामच खाली चाललंय.”

कुमुदताई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मग त्यांनी त्या रात्रीचा भात निम्मा केला. त्यांना भीती वाटली होती, पण ती त्यांनी ताटात दाखवली, तोंडाने नाही.

मंगळवारी शर्वरी मॅडम आल्या. प्रभावी सादरीकरण कसं करावं हे शिकवायला कंपनीने त्यांना तीन दिवसांसाठी बोलावलं होतं. त्यांनी रेठरेकरांना उजेडात उभं केलं, दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले आणि वहीत काहीतरी लिहिलं.

“अक्षर छान आहे. एका स्लाइडवर एकच मुद्दा, हेही छान. पण एप्रिल बगलेत जातोय. हात अंगापासून लांब ठेवायचा, सर. वाचून दाखवायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं.”

“मला तसंही वाचता येत नाही,” रेठरेकर म्हणाले. “मला ते उलटं दिसतं.”

“उत्तम. बऱ्याच लोकांना ही सवय मोडायला महिना लागतो.”

हात अंगापासून लांब धरून रेठरेकर जिना उतरले आणि तळमजल्यावर आपल्या विभागात गेले. तिथे बाबालाल मुलाणी होते. सव्वीस वर्षांपासूनचे जुने कारागीर. काटा नुसता हातात घेतला की तो कुठल्या दुकानातला आणि मालक कसा आहे हे सांगणारे. त्यांनी रेठरेकरांकडे पाहिलं आणि सवयीने पहिलं काम केलं ते शून्य बघायचं.

“साहेब, जरा श्वास सोडा. हां. आता घ्या. पोट आत, छाती वर. धरा.”

रेठरेकरांनी श्वास धरला. पोट आत गेलं, छाती वर आली, तशी डिसेंबरची रेघ पट्ट्यावरून उठली आणि थेट बरगडीशी गेली. ऑक्टोबर बेंबीतून बाहेर आला. आणि त्याच क्षणाला फाटकातून हळदीचे एक व्यापारी खांद्यावर काटा घेऊन आत आले.

“दुरुस्तीला टाकायचा होता,” ते म्हणाले.

रेठरेकरांनी “या, या” म्हणायला श्वास सोडला. रेघ खाली आली. व्यापारी थबकले, खांद्यावरच्या काट्याकडे पाहिलं, “जाऊ दे, नवाच घेतो,” म्हणाले आणि वळले.

“धरा, साहेब!” बाबालाल ओरडले.

रेठरेकरांनी धरला. व्यापारी फाटकातून परत आत आले. असे ते चार वेळा आत आले आणि चार वेळा बाहेर गेले, आणि प्रत्येक वेळी तेवढ्याच मनापासून. पाचव्या वेळी अकराही माणसं धावली, त्यांनी काटा उतरवून घेतला आणि पावती हातात देऊन टाकली. रेठरेकर तोवर जांभळे झाले होते.

विभागात असा आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता. कुणीतरी भडंग आणला. रेठरेकरांना दिला नाही.

पण रेठरेकर आनंदी नव्हते. बुधवारी सकाळी ते बाबालालच्या बाकापाशी येऊन उभे राहिले, हात अर्थातच लांब धरून.

“बाबालाल, एकतीस वर्षांत मी पारड्याला बोट लावलं नाही. कुणाला लावू दिलं नाही. हे काय चाललंय आपलं?”

बाबालालनी हातातला स्क्रू खाली ठेवला. प्रश्न खरा होता. वजनकाट्याच्या धंद्यात चोरी, शिवीगाळ, उशीर सगळं माफ असतं, पारड्याला लावलेलं बोट माफ नसतं.

“बोट लावलं की माल कमी जातोय आनि गिऱ्हाईक फसतंय,” बाबालाल सावकाश म्हणाले. “हितं कोन फसलं? काटा खरा बिघडल्याला हुता. आपन खरा दुरुस्त केला. तुमचा जीव तेवढा गेला जरासा.”

“आणि मी श्वास सोडल्यावर?”

“ते मात्र मला बी झेपंना, साहेब.”

दुपारपर्यंत बाकीच्यांनी विचार करणं सोडून दिलं होतं. भिंतीवरचं घड्याळ काढून रेठरेकरांसमोर टेबलावर ठेवलं गेलं. आधी चाळीस सेकंद झाले. मग एक मिनिट. चार वाजता एक मिनिट पन्नास सेकंद, आणि तेवढ्यात सात काटे आले. रेठरेकर खुर्चीत टेकले की फाटकाबाहेर लोक काटे घेऊन घुटमळत उभे राहायचे. साहेब वरून खिडकीतून बघत होते. त्यांनी शिपायाबरोबर चिठ्ठी पाठवली: रेठरेकरांनी रजा घेऊ नये, चौकटीचा शर्ट घालू नये, हसू नये. हसताना ऑगस्ट हलतो.

शर्वरी मॅडमना या सगळ्यातलं एकच आवडलं. “तुमचा पॉज फार सुंदर आहे, सर,” त्या म्हणाल्या. “महत्त्वाच्या मुद्द्यानंतर थांबायचं, हे मी सगळ्यांना सांगते. कुणाला धीर नसतो. तुम्ही काय थांबता!”

संध्याकाळी घरी कुमुदताईंनी सगळं ऐकून घेतलं. निम्म्या भाताचा आज पाव भात झाला होता.

“अकरा माणसांसाठी एकट्याने श्वास धरायचा?”

“मग सोडू का?”

कुमुदताईंनी ताटं उचलली. झोपताना त्यांनी नवऱ्याच्या छातीवर हात ठेवला. हात ठेवल्यावर वाटचाल त्यांच्या हातावर आली आणि हात काढल्यावर परत गेली. रेठरेकरांना रडू आलं, पण रडलं की ऑगस्ट हलला असता.

गुरुवारी संचालक आले. दोघेही सडपातळ, दोघांच्याही हातात पाण्याची स्वतःची बाटली. उदबत्ती साहेबांनीच लावली, कारण रेठरेकरांना आज शिंकू देणं परवडणारं नव्हतं. पहिल्या सहा स्लाइड नीट पार पडल्या. रेठरेकर डोळ्यांत बघून बोलले, हात खिशात घातले नाहीत, एकदाही पडद्याकडे वळले नाहीत. साडेसहाव्या मिनिटाला पडदा पांढरा झाला आणि ते उजेडात जाऊन उभे राहिले.

“ही सातवी,” ते म्हणाले. मग त्यांनी पोट आत घेतलं, छाती वर उचलली आणि श्वास धरला.

डिसेंबर उठला. खाली दुरुस्ती विभागात फोन वाजला. मग दुसरा वाजला. फाटक उघडल्याचा आवाज आला, जिन्याखालून लोखंड फरशीवर टेकल्याचे ठक ठक आवाज यायला लागले. एक संचालक खिडकीपाशी गेला आणि तिथेच राहिला.

“बाहेर रांग लागली आहे,” तो म्हणाला.

“ही वाढ टिकाऊ आहे का?” दुसऱ्याने विचारलं.

प्रश्न रेठरेकरांना होता. उत्तर द्यायला हवा लागते. रेठरेकरांनी समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं. हॉलमध्ये कुणी हललं नाही. कोपऱ्यात शर्वरी मॅडमनी वहीवर हात ठेवून डोळे मिटले, इतका तो पॉज चांगला होता.

“रेठरेकर, त्यांनी विचारलंय,” साहेब हळूच म्हणाले.

रेठरेकरांनी मान हलवली. खाली नाही, वर नाही, बाजूलाही नाही, अशी.

“आत्मविश्वास आहे माणसात,” खिडकीतला संचालक म्हणाला. “पण घाई नको. असं करू, आधी जेवून घेऊ. परत आल्यावर रेघ जर इथेच असेल, तर विभाग राहील.”

“चालेल,” साहेब म्हणाले. “रेठरेकर, तुम्ही असेच थांबा.”

खुर्च्या सरकल्या. जेवणाला झणझणीत रस्सा आणि पुरणपोळी होती, वास जिन्यापर्यंत आला होता. शर्वरी मॅडम जाताना दारातून म्हणाल्या, “सर, खांदे सैल.” प्रोजेक्टर कुणी बंद केला नाही.

रेठरेकर एकटे राहिले. एक मिनिट पन्नास सेकंद केव्हाच होऊन गेले होते. कानात घण बसत होते. बाजूच्या भिंतीवर थोरले साहेब होते. फोटोतही त्यांची छाती फुगलेली, पोट आत, ओठ घट्ट मिटलेले. फोटोग्राफरने सांगितलं असणार, जरा धरा म्हणून. एकाहत्तर सालापासून धरलेला तो श्वास रेठरेकरांना आज पहिल्यांदा दिसला, आणि त्या माणसाची त्यांना फार दया आली.

दार उघडलं. बाबालाल होते, आणि त्यांच्या मागे जिन्यापर्यंत उरलेले दहाजण, हात ग्रीसने काळे, घामाने निथळत, आणि असे खूश की लग्नघरातले वाटावेत.

“साहेब, सोडू नका हां,” बाबालाल कुजबुजले. “रांग पार हळदीच्या गोदामापतोर गेलीया. पोरं म्हनत्यात, निवृत्तीपतोर आता काळजी न्हाई.”

मग त्यांनी चपला दारात काढल्या. उजेडातून जाताना नीट वाकले. फोटोसमोरची उदबत्ती विझत आली होती, ती काढून दुसरी लावली, हात जोडले. परत फिरताना रेठरेकरांसमोर थांबले. पांढऱ्या उजेडात हात लांब धरून, डोळे मोठे करून, न हलता उभ्या असलेल्या आपल्या साहेबांकडे त्यांनी खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. सव्वीस वर्षांत साहेबांचे आभार मानायचं राहूनच गेलं होतं.

पुडक्यात एक उदबत्ती शिल्लक होती. बाबालालनी ती पेटवली, फुंकर घालून ज्योत विझवली, आणि दोन्ही हातांनी, अगदी मनापासून, रेठरेकरांच्या नाकासमोरून ओवाळली.