आधी पाणी, मग विस्तव

सासऱ्यांच्या, प्रानासबाबांच्या, हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी त्यांचं वाफघरात बसणं कायमचं बंद केलं. कोमट पाण्यात छातीपर्यंत बसायला हरकत नाही, एवढीच मुभा दिली. तेव्हापासून दर शनिवारी आम्ही नवरा-बायको आत वाफेत आणि बाबा बाहेर बाकावर, डोक्यावर लोकरी टोपी घालून, एकटे. आतलं हसणं त्यांना ऐकू जाई. पुढे ते बाकावरही येईनासे झाले. म्हणून माझ्या नवऱ्याने, गिन्तारासने, वाफघराशेजारी लाकडी टब बसवून घेतला, आत पाणी तापवायला पत्र्याची शेगडी असलेला.

पहिल्यांदा भरला तेव्हा फळ्यांच्या फटींतून पाणी झिरपू लागलं. गिन्तारास सिलिकॉनची नळी घेऊन धावला, मी त्याला थांबवलं. कोरडं लाकूड पाणी पिऊन फुगतं. फटीत काही भरलं तर फळ्या एकमेकींना भिडणारच नाहीत. मी प्रयोगशाळेत पाणी तपासते, त्यामुळे घरात पाण्याबाबत माझा शब्द चालतो, निदान नवऱ्यापुढे. बाबा खिडकीतूनच म्हणाले, "गळका टब, त्यात कोमट पाणी. एखादी बाळंतीण शोधा."

हळूहळू गळती थांबली. तोवर लाकडाचा रंग उतरून पाणी कोऱ्या चहासारखं झालं होतं. ते सोडून दिलं, टब घासला, आणि शनिवारी सकाळी पुन्हा पाण्याची नळी लावून मी बटाटे किसायला घरात गेले.

धुराचा वास आला म्हणून बाहेर पाहिलं. टबातली शेगडी पेटली होती आणि बाबा तिच्यासमोर उभे होते.

जन्मभर त्यांनी वाफघर तापवलं. तिथे आधी विस्तव, दगड चांगले तापेपर्यंत. वाफेसाठी त्यांच्यावर पाणी अगदी शेवटी. टबातल्या शेगडीचं उलटं. बंबासारखं तिच्याभोवती पाणी हवंच, नाहीतर पत्रा टिकत नाही. टब जेमतेम अर्धा भरला होता. आम्ही पोचेपर्यंत पाण्यावर उघड्या राहिलेल्या पत्र्याचा सांधा उसवला होता.

"तुम्ही यायच्या आत तापवून ठेवावं म्हटलं," बाबा म्हणाले. मग उसवलेल्या सांध्याकडे बघत, "म्हणजे आता इथेही मी बाहेरच."

त्यांनी टोपी घातली होती. कोटाखाली पोहण्याची चड्डी होती.

गिन्तारास काही बोलणार होता. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो निखारे बाहेर ओढू लागला. मी सांधा नीट तपासला. खालचा भाग शाबूत होता. पाणी सांध्याच्या खाली ठेवलं तर शेगडीत शिरणार नव्हतं, आणि टबातल्या फळीवर बसलेल्या माणसाच्या बरगड्यांपर्यंत येणार होतं. डॉक्टरांनाही त्याहून जास्त नको होतं.

"बाबा, वाफघराची भट्टी पेटवा," मी म्हटलं. "तिच्या टाकीतलं गरम पाणी आम्ही आणतो."

"आणि तुमची वाफ?"

"आज राहू दे," गिन्तारास म्हणाला.

ते लाकडं आणायला गेले. भट्टीचं तोंड बाहेरच्या बाजूला आहे, त्यामुळे त्यांना आत जावं लागलं नाही. आम्ही गार पाणी थोडं उपसून त्या जागी बादल्यांनी गरम ओतत राहिलो. तापमापी छत्तिसावर आली तेव्हा मी थांबले. बाबा आणखी एक बादली मागत होते. मी दिली नाही.

तिघंही बसलो. पाण्याबाहेरचे खांदे गारठत होते. बाबांनी बर्चच्या पानेरी डहाळ्यांची जुडी भिजवली आणि लेकाच्या पाठीवर सपकन मारली, वाफेत मारायचे तशीच.

"कोमटच आहे," ते म्हणाले.

"हो."

त्यांनी टोपी कानांवर ओढली. "सांधा जोडून घ्या. पुढच्या शनिवारी नळी मी लावतो. आधी पाणी."