कमरेइतका चेंडू

क्लबात त्याला सगळे कोच म्हणत. कधीकाळी टेनिसच्या जागतिक क्रमवारीत तो सातशे बारावा होता; आकडा ऐकून लोक "अरे वा" म्हणत आणि विषय बदलत. मग खांदा गेला, खेळ सुटला, मुलगी झाली. आता दिवसभर दुसऱ्यांची पोरं शिकवायची आणि घरी येऊन सोफ्यावर आडवं व्हायचं. नऊ वर्षांच्या मुलीने बापाला जिंकताना एकदाही पाहिलं नव्हतं, हे त्याला फार लागायचं.

म्हणून क्लबाच्या स्पर्धेत एक जागा रिकामी राहिली, तेव्हा एकेचाळिसाव्या वर्षी त्याने स्वतःचं नाव घातलं.

"हौसेला मोल नसतं, खांद्याला असतं," बायको म्हणाली आणि पिशवीत मलम टाकलं.

समोर विशीतला दणकट गडी. प्रत्येक फटक्याआधी कोच स्वतःला बजावत होता, त्याच्यापासून लांब मार. असं बजावत बजावत त्याने विजय एका गुणावर आणला. मुलगी कोर्टाबाहेर कुंपणाला नाक लावून उभी होती.

गड्याचा चेंडू जाळीजवळ लुळा पडला. डावीकडचं अख्खं कोर्ट मोकळं. कोचला इतकं हायसं वाटलं, की बजावायचं राहून गेलं. बारा वर्षं त्याचा हात रोज शेकडो चेंडू एकाच तऱ्हेने देत आला होता, समोरच्याला सोपा, कमरेइतका उंच. हाताने तसाच दिला. वर तोंडातून निघालं, "गुडघे वाकव."

गड्याने वाकवले आणि चेंडू कोचच्या बाजूने सणसणत नेला. तोंडाशी आलेला घास गेला, पाठोपाठ सामनाही.

"सर, गुडघ्यांचं बरोबर होतं तुमचं," हात मिळवताना गडी म्हणाला. बिचारा मनापासून म्हणाला.

कोच बाकावर मलम चोळत बसला. मुलगी आली.

"बाबा, तू त्याला सोपा चेंडू का दिलास?"

"सवय गं."

"मला कधी देत नाहीस."

उद्या, असं तो म्हणणार होता. पण तो शब्द तिला पाठ होता. तो उठला, तिच्या हातात रॅकेट दिली आणि डाव्या हाताने एक चेंडू टाकला. अगदी कमरेइतका.

तिने रॅकेट दोन्ही हातांनी झाडूसारखी फिरवली. कोचच्या मुलीला ती कशी धरतात हेच ठाऊक नव्हतं.