नूतनच्या लेखाची पहिली तळटीप

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण रोह्याच्या कायदा कॉलेजच्या ग्रंथालयात बसून मी एका लेखाला जगातला सगळ्यात वेगवान लेख करून टाकलं. मी, तिथला शिपाई.

नूतन तिथं शिकवायची. कायद्याच्या नियतकालिकांतला लेख किती दिवसांनी दुसऱ्याच्या कामी येतो, हे ती मोजायची. लेख छापला की कार्डावर ती तारीख. दुसऱ्या कुणी आपल्या तळटिपेत त्याचं नाव घेतलं की शेजारी ती तारीख. तळटिपा धुंडाळायला मी. एका दुपारी चाळीस हजार वाचल्यात, त्यातल्या निम्म्या झोपेत.

तिचा स्वतःचा एकच लेख आला. खाडीचा बांध फुटला तर दुरुस्त कुणी करायचा, यावर. कार्डावर पहिली तारीख तिनंच घातली. लेख छापल्यावर चौथ्या महिन्यात ती काविळीनं गेली.

तिचे वडील बाबाजी कासू गावात भातशेती करतात. ती गेल्यापासून दर महिन्याला गाडीनं यायचे, चपला दाराबाहेर काढायचे.

"आलं काय रे तिचं नाव कुणाच्या लेखात?"

"नाय अजून."

"बरं." मग कार्ड हातात घेऊन बसायचे, परतीच्या गाडीपर्यंत.

एरवी मी थापाड्या, जिते स्टेशनावर वाघाकडं तिकीट मागितल्याचं सांगणारा माणूस. पण त्या कार्डापुढं दोन वर्षं खरं तेच बोललो.

गेल्या महिन्यात ते जिन्यात तीनदा थांबून वर आले. "डॉक्टरनं प्रवास बंद केलाय. हा शेवटचा फेरा."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. "बाबाजी, आलं! हॉलंडचा प्रोफेसर. तिकडं लोक समुद्राच्या खालीच राहतात, बांध फुटला की चुलीत मासे. त्यानं आपल्या नूतनचं नाव घेतलंय! लेख छापल्यापासून नवव्या दिवशी! पुस्तक बोटीनं आलं, म्हणून आपल्याला आत्ता कळलं." आणि कार्डावर तारीखही लिहून टाकली.

बाबाजींनी त्या तारखेवरून बोट फिरवलं.

"नवव्या दिवशी? अंक आमच्या घरीच बाराव्या दिवशी आला. पाकीट मी फोडलं. सगळा वाचून दाखवला तिनं मला, ओटीवर बसून." त्यांनी कार्ड माझ्याकडं सरकवलं. "खोटं बोलतोस, कमळाकर. अजून कुणीच नाय घेतलं तिचं नाव."