पाण्यात उठलेलं नाव

“मेटा दे, दादा,” सुकालू म्हणाला.

मी छिन्नीला धार लावत होतो. हात थांबला. “काय मिटवू?”

“बाप के नाव.”

सुकालू मरकाम, भेलवाझरच्या चर्चचा प्रचारक. फादर नसतील तेव्हा प्रार्थना घेणारा, पोरांना अक्षरं शिकवणारा, कुणी मेलं की खड्डा खणायला पहिला उतरणारा गोंड माणूस. वय सत्तर. तो छत्तीसगढीत बोले, मी माझ्या वर्ध्याकडच्या मराठीत. रायपुरातल्या माझ्या दुकानात वीस वर्षं असंच चाललं होतं. त्या दिवशी त्याच्या पायात चप्पल नव्हती. त्याची बायको फुलमती तीन दिवसांपूर्वी रायपुरातच दवाखान्यात वारली होती. गाववाल्यांनी तिची गाडी शिवेवरून परत पाठवली, म्हणून ती पुन्हा शवागारात होती.

गावच्या मसणवटीत मोहाच्या झाडाखाली फुलमतीची दोन लेकरं आहेत, एकाच आठवड्यात गोवरानं गेलेली. तिला त्यांच्याशेजारी ठेवायचं, एवढंच सुकालूचं मागणं होतं. गावच्या समितीनं सांगितलं, ज्या घराचं नाव चर्चच्या दगडावर आहे, त्यानं समाज सोडल्याचं स्वतःच लिहून दिलंय. आधी नाव काढा, मग माती द्या.

तो दगड मी कोरला होता.

चार वर्षांपूर्वी चर्चला पंचाहत्तर वर्षं झाली. सगळ्यांत आधी बाप्तिस्मा घेतलेल्या एकेचाळीस जणांची नावं दगडावर असावीत, ही कल्पना सुकालूचीच. जुन्या वहीतून तो नाव वाची, त्या माणसाची गोष्ट सांगे, मी कोरी. हा तापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांसाठी आला. हिला चेटकीण म्हणून हाकललं होतं, तिला पाद्र्यानं ओसरी दिली. हा का आला, कुणालाच आठवत नाही. सगळ्यांत वर त्याचा बाप, मंगल मरकाम. परदेशी पाद्र्याची सायकल डोक्यावर घेऊन त्यानं नदी ओलांडली होती.

“मशीन से करा लो बाबा, एक घंटे का काम है,” माझा मुलगा पराग म्हणाला होता.

सुकालूनं नको म्हणून मान हलवली. “हल्का झन मारबे, दादा.” हलका घाव घालू नको.

हलका हात माझा नव्हताच. चाळिशीपर्यंत मी दुसऱ्यानं खडूनं काढून दिलेल्या रेघा कोरत होतो, त्यात काय लिहिलंय ते कळत नव्हतं. वाचता यायला लागलं तसा घाव जास्तच खोल जाऊ लागला.

आता तोच पराग म्हणत होता, “मत जाओ बाबा. अपना क्या है इसमें?”

“दगड माह्या हातचा हाय. मले जाऊ दे.”

शववाहिका पुढे, आम्ही मागे. नवा रायपूरचे रुंद रिकामे रस्ते मागे पडले, मग अभनपूरचा बाजार, मग सालाचं जंगल लागलं. फादर चर्चच्या दारात उभे होते. “नाव देवाकडे आहेच, सुकालू,” ते हिंदीत म्हणाले. सुकालू मला दगडाकडे घेऊन गेला.

मी ग्राइंडर लावला. धूळ बसावी म्हणून दगडावर पाणी मारत घासतात. मी पाणी घेतलं नाही. हातानं मारलेला घाव दगडाच्या आत जातो. वरून कितीही घासा, दगड ओला झाला की मुका मार दिसतो, अक्षर उठतं. हे मला ठाऊक होतं. सुकालूला मी सांगितलं नाही. कोरडा दगड गुळगुळीत दिसेल, दोन तासांत माती होऊन जाईल, असं धरून चाललो होतो. तो अगदी शेजारी उभा होता. बापाच्या नावाची धूळ त्याच्या मिशांवर बसत होती.

समितीचा इंद्रजीत दहाबारा जणांना घेऊन आला. तिशीतला, मिशनच्याच शाळेत शिकलेला. त्यानं घासलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

“साफ है.”

सुकालूनं माझ्याकडे पाहिलं. कुणीतरी कुदळी आणायला निघालंसुद्धा. इंद्रजीतच्या अंगठ्याला धूळ लागली होती. खिशातली पाण्याची बाटली काढून त्यानं तो तिथंच, दगडावर धुतला.

नाव उठलं. आधी काना, मग अनुस्वाराचा ठिपका, मग सगळं.

“मंगल मरकाम,” त्यानं पोरासारखं मोठ्यानं वाचलं. “देखिए, पढ़ना आपने ही सिखाया था, गुरुजी.”

मागचे हसले.

“और घिस देता हूँ,” मी म्हणालो.

“कितना घिसोगे, बाबाराव मिस्त्री? आर-पार?”

सुकालूनं हात जोडले. ज्याचा हात धरून पाटीवर गिरवून घेतलं, त्याच्या पुढे वाकला. “दू घंटा दे दे, बेटा. लइका मन के तीर सुता दुहूँ.” लेकरांजवळ तिला निजवतो, एवढंच.

“फुलमती दीदी ने मुझे भी खिचड़ी खिलाई है, गुरुजी,” इंद्रजीत अगदी मऊ आवाजात बोलला. “मैं कौन होता हूँ मना करने वाला? पत्थर ही मना कर रहा है.”

मग त्यानं उरलेलं पाणी सावकाश बाकीच्या चाळीस नावांवर ओतलं, आणि बाटली खिशात ठेवली.

गाडी वळवताना मोहाचं झाड काचेतून दिसलं. सुकालूनं तिकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी फुलमतीला रायपूरच्या ख्रिस्ती कबरस्तानात मागच्या भिंतीशी जागा मिळाली. दोन्ही बाजूंना अनोळखी माणसं. खड्डा मजुरांनी आधीच खणून ठेवला होता. गावातले सगळे खड्डे ज्यानं खणले, तो कुठं उभं राहावं हे न कळून इकडून तिकडे सरकत होता.

मी दुकानातून हातभर दगड नेला होता. माती झाल्यावर पिशवीतून छिन्नी काढली.

“रंग म लिख दे, दादा,” सुकालू म्हणाला. “छिनी झन लगाबे.”

मी छिन्नी पिशवीत ठेवली. परागला दुकानातून डबी आणायला लावली आणि काळ्या रंगानं लिहिलं, फुलमती. पुढे आडनाव लिहू का म्हणून वर पाहिलं. त्यानं नको म्हणून मान हलवली.

रंग ओला होता, माशा बसत होत्या. सुकालू दगडाशेजारी उकिडवा बसला आणि वाळेपर्यंत गमछ्यानं त्या हाकत राहिला.